लिव्हर एमटी२००, कॅलिपर एमटी५२०: पुढच्या हायड्रॉलिक ब्रेकच्या नोंदी

सायकल २९ इंची हार्डटेल, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे. पुढे-मागे शिमानो एमटी२००, दोन्ही चाकांना १६० मिमीची सहा बोल्टवाली डिस्क, फोर्क पोस्ट माउंटचा (कॅलिपर थेट फोर्कच्या बसकांवर बोल्टने लागतो असा). आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे उजवा लिव्हर पुढच्या ब्रेकचा. पुढचा कॅलिपर, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग, बाद झाला, म्हणून त्या जागी चार पिस्टनचा एमटी५२० बसवायचा, डिस्क १८० मिमीची करायची आणि लिव्हर जुनाच ठेवायचा, असं ठरलं. ज्यांना अशीच सरमिसळ करायची आहे त्यांच्यासाठी या नोंदी आहेत. जे चुकलं तेही त्या-त्या तारखेला लिहिलं आहे.

२ जून: गळती कुठे?

पुढचा लिव्हर मुठीला टेकायला लागला होता. पॅड बाहेर काढले तर एका पॅडच्या मागच्या पत्र्यावर ऑईलचा पातळ थर. कॅलिपर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसला, पॅडच्या जागी प्लॅस्टिकचा ब्लीड ब्लॉक (पिस्टन अडवून धरणारा ठोकळा) घातला, भोवती पांढरा टिश्यू गुंडाळला आणि लिव्हर रबर बँडने मुठीशी बांधून रात्रभर ठेवला. सकाळी टिश्यूवर एका पिस्टनच्या बरोबर समोर गुलाबी डाग. कॅलिपरकडचा नट, निप्पल (कॅलिपरवरचं ऑईल भरायचं-काढायचं तोंड), लिव्हरकडचा नट या नेहमीच्या संशयितांपाशी कुठेही ओल नव्हती.

टॉर्च मारून पाहिलं तेव्हा त्या पिस्टनच्या काठाचा तांदळाच्या कणीएवढा टवका उडालेला दिसला. कारणही स्पष्ट आहे. मागच्या वेळी पॅड बदलताना पिस्टन स्क्रूड्रायव्हरने मागे ढकलला होता. पिस्टन ढकलायचा तर टायर काढायचा प्लॅस्टिकचा लिव्हर वापरा, आणि शक्य असेल तर जुने पॅड आत ठेवूनच ढकला, म्हणजे जोर थेट पिस्टनवर येत नाही. शिमानो कॅलिपरचे पिस्टन आणि सील सुटे विकत नाही, त्यामुळे टवका उडाला की अख्खा कॅलिपर बदलावा लागतो.

लिव्हरच्या पात्याखाली, जिथे आतला दट्ट्या असतो तिथे, बोट फिरवून पाहिलं. कोरडं. म्हणजे लिव्हर बाहेर गळत नाही. आतून ऑईल मागे सटकतंय का, हे मात्र नवा कॅलिपर बसल्यावरच कळेल, कारण गळक्या कॅलिपरसोबत लिव्हर खाली जाणारच.

५ जून: काय कशाला चालतं

सुटे भाग घेण्याआधी चार गोष्टी जुळवून पाहिल्या.

सगळ्यात आधी ऑईल, आणि इथे कुठलीही तडजोड नाही. शिमानो, टेक्ट्रो, मॅगुरा यांचे ब्रेक मिनरल ऑईलवर चालतात. स्रॅमचे बहुतेक आणि होपचे ब्रेक डॉट फ्लुइडवर. स्रॅमनेही अलीकडच्या काही मॉडेलांत, उदाहरणार्थ डीबी८ आणि मॅव्हनमध्ये, मिनरल ऑईल आणलंय, म्हणून कंपनीच्या नावावर जाऊ नका, लिव्हरवर छापलेलं वाचा. डॉटचे सील वेगळ्या रबराचे असतात, मिनरलचे वेगळ्या. चुकीच्या ऑईलमध्ये रबर फुगतं, पिस्टन परत येईनासा होतो, आणि मग धुऊन-पुसून काहीही सुधारत नाही. आपल्याकडे मोटारसायकलच्या कुठल्याही गॅरेजात डॉट ३ किंवा डॉट ४ हाताशी असतं, म्हणूनच हा धोका खरा आहे. "थोडं टाकलं तर काय होतंय" असं कोणी म्हणालं तर सायकल उचला आणि निघा. डॉट लिव्हर आणि मिनरल कॅलिपर अशी जोडी जमेल का, असंही कोणी विचारतं. उत्तर नाही असंच आहे.

दुसरी गोष्ट पाइप. एमटी२०० सोबत बीएच५९ पाइप येतो, दोन्ही टोकं सरळ, दोन्हीकडे ऑलिव्ह (नटाखाली चेपून सील करणारं कडं) आणि इन्सर्ट (पाइपच्या तोंडात ठोकायची बारीक नळी). एमटी५२० च्या कॅलिपरला बँजो (पाइपच्या टोकाची, बोल्टने आवळायची कडी) लागतो आणि तो बीएच९० पाइपसोबत येतो. बीएच९० चं आतलं भोक बारीक, पाइप जास्त कडक. बँजोचा कोन कॅलिपरनुसार बदलतो आणि तो पाइपच्या कोडमधल्या शेवटच्या अक्षरांवरून कळतो. "शिमानोचा बँजो पाइप द्या" एवढंच सांगून घेऊ नका, कॅलिपरचा नंबर दाखवून घ्या.

तिसरी, पॅड. एमटी२०० चे बी०५एस पॅड चार पिस्टनच्या कॅलिपरमध्ये बसत नाहीत. एमटी५२० ला डी०३एस (रेझिन) किंवा डी०२एस (मेटल).

चौथी, डिस्क. जुन्या डिस्कवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलेलं आहे. तिच्यावर मेटल पॅड लावले तर डिस्क भराभर झिजते. नंतर कधी मेटल पॅड लावायची मुभा राहावी म्हणून १८० मिमीची आरटी६६ घ्यायचं ठरलं. फोर्क १८० मिमी झेपणारा आहे का, हे फोर्कच्या माहितीपत्रकात पाहूनच पुढे जा. स्वस्त फोर्कमध्ये ही मर्यादा खरोखर असते.

लिव्हर मात्र राहू शकतो. एमटी२०० मध्ये सर्वो वेव्ह नाही, म्हणजे सुरुवातीला पॅड झटकन पुढे आणणारी रचना नाही. चार पिस्टनना ऑईल जास्त लागतं, म्हणून लिव्हर आधीपेक्षा आत जाणार. बोटं लांब असतील तर ते चालतं. बोटं आखूड असतील तर सरळ एमटी५०१ चा लिव्हर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

लिव्हर नवा घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. तयार भरलेल्या संचांत बऱ्याचदा डावा लिव्हर पुढच्या कॅलिपरला जोडलेला असतो. हे लिव्हर उजवे-डावे वेगळे असतात, उलटे लावता येत नाहीत. उजव्या हाताला पुढचा ब्रेक हवा असेल तर तसा संच मागा, नाहीतर घरी आल्याबरोबर पाइप सोडून पुन्हा ब्लीडिंग (आतली हवा काढून ऑईल भरणं) करावं लागेल.

९ जून: सामान आणि खर्च

एमटी५२० कॅलिपर पॅडसह ३,९०० रु., बँजोचा बीएच९० पाइप १००० मिमी १,४५० रु., आरटी६६ डिस्क १,३५० रु., १६० वरून १८० चा ॲडॉप्टर ५५० रु., मिनरल ऑईल १०० मिली ५२० रु., फनेल-सिरिंजचा संच ६५० रु. एकूण ८,४२० रु. एमटी२०० चा पुढचा अख्खा नवा संच साधारण २,४०० रुपयांत मिळत होता. सपाट रस्त्यावर, शहरात सायकल चालवणाऱ्याने तोच घ्यावा. हा खर्च घाट उतरणाऱ्यांसाठी आहे.

१५ जून: पाइप बसवला, आणि चुकला

डिस्क चढवली. सहा टॉर्क्स टी२५ बोल्ट चांदणीच्या क्रमाने, २ ते ४ न्यूटन मीटर. ॲडॉप्टर आणि कॅलिपरचे बोल्ट ६ ते ८. ॲडॉप्टरसोबत आलेले बोल्ट फोर्कमध्ये किती आत जातात ते हाताने फिरवून मोजलं, नऊ फेरे. एम६ बोल्टचा एक फेरा म्हणजे १ मिमी, तेव्हा ९ मिमी पकड झाली. चार-पाच फेऱ्यांतच बोल्ट टेकत असेल तर तो आखूड आहे, तसा वापरू नका.

बँजोच्या दोन्ही बाजूंना एकेक ओ-रिंग हवी. बोल्ट हलका ठेवून पाइप फोर्कच्या कडेने नेला, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ताण पाहिला, मग ५ ते ७ न्यूटन मीटरने आवळला.

लिव्हरच्या टोकाला पाइप ६० मिमी जास्त होता. नवं ब्लेड घालून काटकोनात कापला. क्रम असा: पाइपवर आधी रबराचं टोपण, मग नट, मग ऑलिव्ह, आणि शेवटी इन्सर्ट हातोडीने टोकाशी समतल होईपर्यंत आत. पाइप प्लॅस्टिकच्या दोन ठोकळ्यांत धरून व्हाइसमध्ये पकडायचा, नुसत्या पक्कडीने धरला तर चेपतो.

चूक इथेच झाली. डब्यात जुन्या एमटी२०० चं इन्सर्ट पडलेलं होतं, सोनेरी. लिव्हर एमटी२०० चा आहे तर इन्सर्टही त्याचंच, असं गृहीत धरलं. ते अर्ध्यापर्यंत गेलं आणि अडकलं, मग जोरात ठोकून घातलं. पॅडही लगेच चढवले, ब्लीडिंग केलं आणि लिव्हर रबर बँडने बांधून ठेवला.

१६ जून: सकाळचा डाग

लिव्हर मुठीला टेकलेला, पाइपवरून ऑईल ओघळून फोर्कच्या पायावरून थेट कॅलिपरपर्यंत गेलेलं. नट सोडून टोक भिंगाखाली पाहिलं. आतलं अस्तर उभं फाटलं होतं, केसाएवढी चीर, टोकापासून सुमारे १० मिमी.

नियम उलटा आहे. इन्सर्ट पाइपप्रमाणे ठरतं, लिव्हरप्रमाणे नाही. बीएच५९ ला सोनेरी, १३.२ मिमी लांब. बीएच९० ला रुपेरी, ११.२ मिमी. सोनेरी इन्सर्ट बीएच९० च्या बारीक भोकात घातलं तर अस्तर फाटतं, आणि रुपेरी बीएच५९ मध्ये घातलं तर ते सैल राहून गळतं. ऑलिव्ह आणि नट दोन्हींना सारखेच. ठोकताना विचित्र जोर लागतोय असं वाटलं की थांबायचं, इन्सर्ट नीट असेल तर ते चार-पाच हलक्या ठोक्यांत जातं.

२० मिमी पाइप कापून टाकला. आधी ताण मोजून थोडी ढील ठेवली होती म्हणून एवढं कापूनही पाइप पुरला. पहिल्या कापणीला अगदी नेमका कापला असता तर १,४५० रुपयांचा पाइप गेला असता. पहिल्यांदा करणाऱ्यांनी ३० मिमी जास्तच ठेवावा, नंतर कापता येतो.

रुपेरी इन्सर्ट आणि नवं ऑलिव्ह, १८० रु. जुनं ऑलिव्ह एकदा चेपलं की परत वापरायचं नाही. नट आवळताना पाइप लिव्हरच्या आत दाबून धरायचा, शेवटपर्यंत. हात सुटला तर पाइप दोनेक मिमी मागे येतो, बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि नंतर तिथूनच झिरपतं. ८ मिमीचा पाना, ५ ते ७ न्यूटन मीटर.

२२ जून: ब्लीडिंग, दोनदा

पहिली फेरी सायकलवर कॅलिपर बसलेला असतानाच केली. लिव्हर कडक आला. सायकल दोन तास उलटी ठेवून सरळ केली तर लिव्हर पुन्हा स्पंजी. चार पिस्टनच्या कॅलिपरमध्ये हवा पिस्टनांच्या मधल्या वाटांत अडकते. फोर्कवर बसलेल्या स्थितीत निप्पल सगळ्यात उंच नसेल तर ती बाहेर पडायला मार्गच नसतो.

दुसऱ्या फेरीला कॅलिपर फोर्कवरून काढून दोरीने असा टांगला की निप्पल सर्वांत वर आणि पाइप खालून आत. ब्लीड ब्लॉक आत घालून झिप टायने बांधला. पुढे असं केलं:

लिव्हर सैल करून वरचा स्क्रू आडव्या पातळीत आणला. २.५ मिमी ॲलन कीने स्क्रू काढला. त्याखालची ओ-रिंग स्क्रूलाच चिकटून येते किंवा भोकात राहते. ती हरवली की काम थांबलं, म्हणून लगेच वाटीत ठेवा. फनेल हाताने बसवलं.

खालून सिरिंज लावली, ७ मिमी पान्याने निप्पल थोडं उघडून ऑईल हळूहळू वर ढकललं. फनेलमध्ये बुडबुडे येणं थांबेपर्यंत. यात सुमारे २० मिली गेलं. निप्पल बंद.

सिरिंज काढून नळी आणि बाटली लावली. निप्पल उघडलं, फनेलमधलं ऑईल आपोआप खाली येऊ दिलं. या वेळी स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने कॅलिपरवर आणि पाइपवर टकटक केली. इथेच तीन मोठे बुडबुडे निघाले, पहिल्या फेरीत ते आतच राहिले होते. फनेल रिकामं होऊ द्यायचं नाही, नाहीतर पुन्हा वरून एअर धरते.

मग लिव्हर दाबून धरून निप्पल अर्ध्या सेकंदापुरतं उघडून बंद, असं तीनदा. निप्पल ४ ते ६ न्यूटन मीटरने आवळलं. शेवटी लिव्हर झटक्याने सोडत-दाबत राहिलो, हँडलवर लिव्हर ३० अंश पुढे, मग ३० अंश मागे झुकवून पुन्हा तेच. बारीक बुडबुडे यायचे थांबले तेव्हा फनेलला बूच लावून काढलं आणि स्क्रू ओ-रिंगसह परत. याला ०.३ ते ०.५ न्यूटन मीटर एवढाच टॉर्क, म्हणजे दोन बोटांनी टेकवायचा. प्लॅस्टिकच्या आट्यांची वाट लावायला जास्त ताकद लागत नाही.

दोन फेऱ्यांत ६० मिली ऑईल गेलं. १०० मिलीची बाटली घ्या, ५० ची पुरत नाही.

लिव्हर बांधून रात्रभर ठेवला. २३ तारखेच्या सकाळी टिश्यू कोरडा, लिव्हर जागच्या जागी. लिव्हर आतून सटकत नाही हेही इथे सिद्ध झालं.

२३ जून: किंकाळी

पॅड चढवले आणि चाक फिरवून दाबलं, तर कानठळ्या बसणारा आवाज आणि पकड जवळपास शून्य. १६ तारखेच्या गळतीत पॅड आत होते. रेझिनने ऑईल शोषलं होतं. एक पॅड एमरी पेपरवर घासून, गॅसवर तापवून पाहिला. धूर आला, पहिल्या चार-पाच ब्रेकना बरं वाटलं, मग पुन्हा तेच. पुढच्या ब्रेकच्या बाबतीत असले प्रयोग करू नयेत. पॅड फेकले, नवे डी०३एस ८५० रु.

डिस्क वाचते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल (२२० रु.), पांढरं फडकं, फडक्यावर काळं येणं थांबेपर्यंत. ब्रेक क्लीनरचा फवारा कॅलिपरवर मारू नका, तो सीलपर्यंत जातो.

पॅड नेहमी शेवटी. रात्रभराची चाचणी ब्लॉक घालूनच करायची, आणि ती कोरडी निघाल्यावरच पॅड उघडायचे. १५ तारखेला घाईने पॅड चढवले नसते तर ८५० रुपये वाचले असते.

नवे पॅड मोकळ्या रस्त्यावर बसवले: साधारण २५ किमी वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत एकसारखं दाबत यायचं, चाक जाम न करता, वीस वेळा. बाराव्या-तेराव्या ब्रेकपासून पकड जाणवण्याइतकी वाढली.

२९ जून: सिंहगड

गोळेवाडीच्या बाजूने वर जाऊन उतरताना चाचणी. पुढचा ब्रेक एका बोटाने सहज भागतो. डिस्क १६० ची १८० झाली म्हणजे निव्वळ त्रिज्येमुळे साडेबारा टक्के फायदा, बाकीचा कॅलिपरचा. खाली आल्यावर लिव्हरचा पल्ला तेवढाच होता, ऑईल तापून मऊ पडलं नाही. वळणाआधी थोडं जोरात दाबून सोडा, पूर्ण घाटभर हलकं धरून ठेवू नका, म्हणजे पॅड मधे-मधे गार होतात.

दोन तक्रारी. लिव्हर पूर्वी मुठीपासून ३२ मिमीवर पकडायचा, आता २५ वर. २ मिमी ॲलन कीने रीच (लिव्हरचं मुठीपासूनचं अंतर) थोडा बाहेर घेतला. दुसरी, डिस्क पॅडच्या एकाच टोकाला घासते. चार पिस्टनचे पॅड लांब असतात, त्यामुळे कॅलिपर अर्धा अंश जरी वाकडा असला तरी घासतं. लिव्हर दाबून बोल्ट आवळायची नेहमीची युक्ती दोनदा केली, फरक नाही. ॲडॉप्टर काढला तर फोर्कच्या एका बसकेवर रंगाचा जाड ओघळ होता. सपाट कानशीने फक्त रंग काढला, धातूला हात लावला नाही. परत बसवून दोन्ही बोल्ट आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळले. घासणं बंद.

इथवरचा खर्च ९,६७० रु. त्यातले इन्सर्ट-ऑलिव्हचे १८० आणि पॅडचे ८५० असे १,०३० रु. निव्वळ एका चुकीच्या इन्सर्टपायी. वेळ साधारण अकरा तास. सगळं बरोबर झालं असतं तर चार पुरले असते.

१८ ऑगस्ट: ६४० किमी, पावसाळ्यातले

पॅडचा मसाला १.२ मिमी उरलाय. ०.५ ला बदलायचे. डिस्क १.८ ची १.७६, मर्यादा १.५. चिखलात रेझिन भराभर जातं, हे अपेक्षित होतं. पुढच्या जोडीला डी०२एस लावणार, डिस्क त्यासाठीच निवडली आहे.

एक पिस्टन आळशी झालाय. बाकीचे तीन पुढे येतात, हा मागेच राहतो आणि पॅड तिरपा झिजतो. चाक आणि पॅड काढून उरलेले तीन पिस्टन प्लॅस्टिकच्या पट्टीने अडवले, लिव्हर हलका दाबून हा एकटा ३ मिमी बाहेर आणला. भोवती वाळलेल्या चिखलाचं कडं होतं. इअरबडवर मिनरल ऑईल घेऊन ते पुसलं, मागे ढकलला, पुन्हा बाहेर आणला. असं पाच वेळा. सहाव्या वेळी चारही एकत्र हलले. उरलेलं ऑईल अल्कोहोलने टिपून घेतलं आणि मगच पॅड परत घातले.